फिल्म थांबेल, पॉलिसीचे तीस दिवस थांबणार नाहीत

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३६, अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर, पगार हातात ८२ हजार. पत्नी घरी शिकवण्या घेतात, त्यातून आठ-दहा हजार येतात, पण दर महिन्याला येतीलच असं नाही. मुलगी चार वर्षांची. फ्लॅटचं २४ लाख कर्ज बाकी, हप्ता साडेबावीस हजार. अलीकडेच काळ्या रंगाची कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली, ऑन रोड साडेपंधरा लाखांना. त्यातले साडेतीन लाख एफडी मोडून भरले, उरलेले १२ लाख कर्ज, दर ९ टक्के, मुदत सात वर्षं.

प्रश्न असा: शोरूमवाले म्हणतात, संपूर्ण गाडीला पेंट प्रोटेक्शन फिल्म (रंग वाचवायला वरून चिकटवायचा पारदर्शक प्लॅस्टिकचा थर) लावून घ्या, ९५ हजार, पाच वर्षांची वॉरंटी, रक्कम कर्जातच वाढवून देतो, महिन्याला फक्त पंधराशे वाढतील. मित्र म्हणतो, २२ हजारांचं सिरॅमिक कोटिंग पुरे. पत्नी म्हणतात, काहीच नको. पाच हजार टोकन देऊन झालंय आणि गाडी शनिवारी सोडायची आहे. ‘विकताना लाखभर जास्त मिळतील, म्हणजे फिल्म फुकटच पडेल ना?’

आणि पत्राच्या तळाशी, जाता जाता एक वाक्य: ‘लोन पास करताना बँकेच्या साहेबांनी वर्षाला एक लाखाची सेव्हिंग पॉलिसी करून दिली, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २२ लाख गॅरंटीड, पेपर मागच्या आठवड्यात मेलवर आले, त्यामुळे गुंतवणुकीची बाजू सेट आहे.’

साहेब, ती बाजू सेट नाही. फिल्मचं पुढे बघू, आधी हे.

आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती नको म्हणून परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. मेलवर आलेली पॉलिसीही हातात पडलेलीच धरतात. तुमचे पेपर येऊन आठवडा झाला होता, पत्र माझ्यापर्यंत यायला चार दिवस गेले. म्हणजे उरले जेमतेम अडीच आठवडे. या मुदतीत परत केलीत तर जितके दिवस विमा होता तितक्या दिवसांचा विम्याचा हप्ता, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च, एवढंच कापून बाकी पैसे परत मिळतात. लाखातले फार थोडे जातील. मुदत उलटली की पॉलिसी सरेंडर करावी लागते, म्हणजे मध्येच मोडून कंपनी देईल तेवढं घ्यायचं. ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलला, त्यामुळे पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावरही काहीतरी हातात पडतं हे खरं, पण त्या ‘काहीतरी’ची तुलना भरलेल्या लाखाशी करून बघाल तेव्हा वाईट वाटेल.

‘दहाचे बावीस’ हा हिशेब बँकेच्या माणसाने कसा सांगितला असेल ते मला इथे बसून ऐकू येतं. माझा हिशेब ऐका. तुमचे दहा लाख टप्प्याटप्प्याने जातात, त्यामुळे सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतात आणि त्यांचे २२ होतात. वर्षाला परतावा पाच टक्क्यांच्या जरासा वर. पोस्टातलं पीपीएफ खातं सध्या ७.१ टक्के देतं, करमुक्त, आणि त्यासाठी कोणा साहेबांची ओळख लागत नाही. त्याहून मोठी गंमत म्हणजे त्याच बँकेला तुम्ही गाडीपायी ९ टक्के देताय. एका खिशातून नऊ टक्क्यांनी पैसे उसने घ्यायचे आणि दुसऱ्या खिशात पाच टक्क्यांनी ठेवायचे, ही गुंतवणूक म्हणायची?

‘पण लोनसाठी पॉलिसी कम्पल्सरी होती’ असं तुम्ही म्हणाल. नव्हती. कर्जासोबत विमा गळ्यात मारायला बँकेला परवानगी नाही, आणि म्हणूनच ते तोंडी सांगतात, लिहून देत नाहीत. आता तुम्ही रद्द करायला गेलात की साहेब प्रेमाने म्हणतील, ‘सर, महिनाभर थांबा, मीच करून देतो.’ तो महिनाच तर घालवायचा असतो. त्यांच्याकडे जाऊच नका. पॉलिसीवर विमा कंपनीचा ईमेल असतो, त्यावर पॉलिसी क्रमांक, फ्री लुकमध्ये रद्द करायची आहे हे स्पष्ट वाक्य आणि खात्याचा रद्द केलेला चेक पाठवा. एक छापील अर्ज कंपनीच्या नाशिकच्या शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. कारण विचारलं तर ‘अटी मान्य नाहीत’ इतकं पुरे. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. गाडीचं कर्ज मंजूर होऊन पैसे शोरूमला गेलेले आहेत. पॉलिसी रद्द केली म्हणून ते कोणी परत मागत नाही. भीड भिकेची बहीण, एवढं घरातल्यांनी शिकवलेलं असतंच.

या पॉलिसीतला विमा किती आहे ते बघितलंत? अशा योजनांत साधारण हप्त्याच्या दहापट असतो, म्हणजे दहा लाख. तुमच्यावर कर्ज फ्लॅटचं २४ आणि गाडीचं १२, मिळून ३६ लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर तुमच्या पत्नीला दहा लाखांचा चेक मिळेल आणि ३६ लाखांचं देणं. तुमच्या वयाच्या, तंबाखू-सिगारेट नसलेल्या माणसाला एक कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा) वर्षाला पंधरा ते वीस हजारांत मिळतो. शेवटी काही परत मिळत नाही म्हणून लोक त्याला नाकं मुरडतात. नाही मिळत. विमा म्हणजे तेच. आणि क्रम लक्षात ठेवा: टर्म विम्याचा अर्ज आजच टाका, पण त्यासाठी जुनी पॉलिसी रद्द करायचं लांबवू नका.

आता महिन्याचा खर्च. घर साडेबावीस, गाडी १९,३००, पॉलिसीचे महिन्याला सव्वाआठ हजार. झाले पन्नास हजार, ८२ पैकी. उरलेल्या ३२ हजारांत किराणा, शाळा, पेट्रोल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि दवाखाना. एफडी गाडीत गेली, बचत खात्यात ४० हजार असल्याचं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या कंपनीत एखादा महिना ले-ऑफ झाला तर दोन हप्ते दिल्यावर खातं रिकामं. तेव्हा पॉलिसीचे जे लाखाच्या आसपास परत येतील, ते एफडीत टाका आणि विसरून जा. फिल्मला नाहीत, हेही लिहून ठेवतो.

फिल्मकडे वळू. वस्तू वाईट नाही. चांगली फिल्म टीपीयू नावाच्या लवचिक प्लॅस्टिकची असते, जाडी दीडशे ते दोनशे मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेला खडा ती स्वतः झेलते, खालच्या रंगाला टवका उडत नाही, आणि बारीक चरे उन्हाने किंवा गरम पाण्याने बुजतात. सिरॅमिक कोटिंग हा वेगळाच प्रकार आहे. जेमतेम काही मायक्रॉनचा थर, पाणी-चिखल पटकन घसरतो, धुणं सोपं होतं, चकाकी येते. खडा तो अडवत नाही. मित्राने दोघांना एकाच तराजूत घातलंय, तसं नाही.

पण तुमची गाडी चालते कुठे? घर ते अंबड, पाच किलोमीटर, आणि महिन्यातून एकदा कसारा घाट उतरून ठाण्याला सासुरवाडी. खडे वेगात लागतात, महामार्गावर, आणि लागतात ते बॉनेटला, पुढच्या बंपरला, आरशांना. सिंहस्थाच्या कामांनी शहरभर धूळ आहे हे मान्य, पण धुळीने रंग जात नाही, ती पुसण्याच्या पद्धतीने जातो. सकाळी सात वाजता तुमच्या पार्किंगमध्ये उतरून बघा. गाड्या पुसणाऱ्याकडे एक बादली, एक फडकं आणि डझनभर गाड्या. आधीच्या गाडीची रेती त्या फडक्यात, आणि ते तुमच्या काळ्या बॉनेटवर गोल गोल फिरतं. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे जे चरे दिसतात ते त्या फडक्याचे. त्याला सांगा, आमच्या गाडीवर आधी पाणी मार, आणि दोन मायक्रोफायबर कापडं आपली द्या. तीनशे रुपयांचं काम आहे. द्वारका चौकाच्या गर्दीत मोटारसायकलचं फूटरेस्ट दाराला लागलं तर पोचा येतोच, फिल्म असो वा नसो.

पैशांचं सांगतो. ९५ हजार कर्जात घातले की सात वर्षांत १ लाख २८ हजार होतात. वॉरंटी पाच वर्षांची, हप्ते सात वर्षांचे. म्हणजे शेवटची दोन वर्षं वॉरंटी संपलेल्या प्लॅस्टिकचे पैसे तुम्ही भरत राहणार. ती वॉरंटीसुद्धा फिल्म पिवळी पडणं, फुगे येणं, कडा सुटणं अशा गोष्टींची असते. खड्याने फाटली, कोणी घासली, अपघातात पॅनल बदलला, तर सहसा ती तुमची जबाबदारी. गाडीच्या विम्यात फिल्मची वेगळी नोंद आणि किंमत धरलेली नसेल तर तिचे पैसे तिथूनही मिळतील अशी आशा नको. एक पॅनल रंगवायला चार ते सहा हजार धरा. ९५ हजारांत तुमच्या गाडीला आहेत त्याहून जास्त पॅनल रंगवून होतील. कंपनीच्या मूळ रंगाची सर बाहेरच्या रंगाला नाही, हे खरंच आहे. पण त्यासाठी सव्वा लाख?

आणि तो विकतानाचा लाखभर विसरा. जुन्या गाडीचा भाव मॉडेल, साल, किलोमीटर, कितवा मालक आणि अपघात यांवर ठरतो. घेणारा रंगाची जाडी मोजायचं यंत्र पॅनलला लावतो. मूळ रंग शंभर-दीडशे मायक्रॉन दाखवतो, फिल्मवर आकडा दुप्पट-तिप्पट येतो, आणि मग गाडी पुन्हा रंगवलेली नाही हे पटवत तुम्हीच उभे राहता.

‘फिल्म नव्या गाडीलाच लावावी लागते’ हेही शनिवारची घाई करण्यापुरतं आहे. वर्षभराने पॉलिश करून लावता येते. तेव्हा टर्म विमा सुरू असेल आणि एफडी तीन लाखांच्या पुढे गेली असेल, तर फक्त बॉनेट, पुढचा बंपर, आरसे आणि दारांच्या कडा एवढ्याला लावा, रोख पैसे देऊन. पंचवीस-तीस हजारांत होईल. शोरूममधून नको, बहुतेक शोरूम हे काम बाहेरच्या डिटेलिंगवाल्यालाच (गाड्यांचं पॉलिश-कोटिंग करणाऱ्यालाच) देतात आणि मध्ये आपला हिस्सा ठेवतात. रोल कुठल्या कंपनीचा, टीपीयू की पीव्हीसी, वॉरंटी कार्डावर रोलचा क्रमांक आहे का, हे विचारा. आणि फिल्म गाडीवर ब्लेडने कापणार की मशीनवर आधीच कापून आणणार, हेही विचारा. ब्लेड रंगात उतरलं तर ती रेघ कायमची.

एक राहिलं. गाडीचा विमा स्वस्त करायला झिरो डेप (भरपाईतून घसारा न कापण्याची जास्तीची सोय) वगळून साडेचार हजार वाचवल्याचं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, गाडी नवी असली तरी. रंगकामातल्या सामानावरही ५० टक्के. बारा हजारांचा बंपर गेला तर सहा तुमच्या खिशातून. रंग वाचवायला ९५ हजार काढणाऱ्या माणसाने हे साडेचार हजार वाचवावेत, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आता वर्षाच्या मध्ये बहुधा मिळणार नाही, पण नूतनीकरणाच्या वेळी झिरो डेप घ्याच.

शोरूमला आज संध्याकाळीच कळवा की शनिवारी येत नाही. टोकन परत मागा, मेलवर मागा. दिलं तर उत्तम. नाही दिलं आणि ‘त्या पाच हजारांत मड फ्लॅप, मॅट घेऊन जा’ म्हणाले, तर मड फ्लॅप घ्या; मागच्या चाकांनी उडवलेले खडे ते खरोखरच अडवतात.