जादा आलेला पगार परत द्यायचा, पण कसा?

प्रश्न: मी उचगावचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,५०० रुपये. सात महिने माझा ओव्हरटाइम दोनदा चढला आणि महिना ६,६०० प्रमाणे ४६,२०० रुपये जादा आले, असं ऑफिसवाले म्हणतात. आता तीन पगारांतून प्रत्येकी १५,४०० रुपये कापणार आहेत. एका कन्नड पत्रावर सही आणि कोरा चेक मागितलाय, नाहीतर पोलिसांत जाऊ म्हणाले. पैसे घरावर पत्रे घालण्यात गेले. मित्रांनी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल पाठवलाय. पगाराची स्लिप सोबत जोडलीय. चूक त्यांची, मग मी का भरू?

उत्तर: जादा रक्कम खरोखरच आली असेल, तर ती परत करावी लागेल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकून मिळालेले पैसे परत करणं बंधनकारक आहे. चूक देणाऱ्याची होती किंवा पैसे खर्च झाले, एवढ्यावर सुटका होत नाही. मित्रांनी तुम्हाला पाठवलेला सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा ‘रफिक मसीह’ निकाल सरकारी नोकरांच्या वसुलीबद्दल आहे. खासगी कारखान्यात त्यावर विसंबू नका.

पण जादा रक्कम खरोखर आली का, हे आधी तपासा. ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यावा लागतो. १८,५०० ला २६ दिवसांनी आणि आठ तासांनी भागलं की तासाला साधारण ८९ रुपये येतात, म्हणजे ओव्हरटाइमचा तास १७८ रुपयांच्या खाली जाता कामा नये. सातही महिन्यांच्या स्लिपा आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवा. किती तास थांबलात, ते हजेरीवरून किंवा स्वतःच्या वहीवरून काढा. पहिल्या नोंदीत तासाला ८९ च दिले असतील आणि दुसऱ्या नोंदीनं तो १७८ झाला असेल, तर ती दुसरी नोंद चूक नव्हे, तुमच्या घामाचे पैसे आहेत. ते परत करू नका. पहिल्याच नोंदीत १७८ मिळाले असतील, तर मात्र दुसरी रक्कम जादाच. माझ्याकडे येणारे बरेच कामगार हा हिशेब न करताच सही करून बसलेले असतात, म्हणून इतकं बजावून सांगतो.

आता कपातीचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. तिच्या कलम १८ नुसार जादा दिलेला पगार मालकाला कापून घेता येतो, पण एका महिन्यातल्या सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. तुमच्या बाबतीत ही मर्यादा ९,२५० रुपये. तुमच्या स्लिपेवर पीएफचे १,८००, ईएसआयचे (कामगार विम्याचे) १३९ आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता २,५०० असे ४,४३९ आधीच कापले जातात. उरले ४,८११. त्यामुळे १५,४०० ची कपात बेकायदा ठरेल. पूर्ण रक्कम खरी निघाली, तर ३,८५० चे १२ हप्ते मागा. आणखी एक: त्या जादा ओव्हरटाइमवर ०.७५ टक्के ईएसआय कापला गेला असेल, तर सुमारे ३४७ रुपये तुमच्या हातात आलेच नाहीत. तेही हिशेबातून वजा करायला सांगा.

पोलिसांच्या धमकीनं झोप उडवून घेऊ नका. तुम्हाला न कळता पैसे खात्यात आले, हा गुन्हा नव्हे. पण आता कळल्यावर ‘मला मिळालेच नाहीत’ असं खोटं सांगू नका, कारण अप्रामाणिकपणे दुसऱ्याचे पैसे स्वतःकडे ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे. ‘हिशेब दाखवा, जादा निघेल ते हप्त्यांनी फेडतो’ असं लेखी दिलंत की तुमचा हेतू कागदावर राहतो.

कोरा चेक मात्र कुणालाही देऊ नका. त्यावर मोठी रक्कम लिहून तो बँकेत टाकला आणि परत गेला, तर चेक न वटल्याचा, म्हणजे कलम १३८ चा खटला तुमच्यावर येईल. पत्राचंही तसंच. न वाचता सही नको. आपल्या भागात कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, अशी माणसं घरोघरी आहेत, त्यात लाज कसली? पत्राची प्रत घ्या, कन्नड नीट वाचणाऱ्या विश्वासू माणसाकडून ओळ न ओळ समजून घ्या. ‘पूर्ण रक्कम मान्य आहे’ किंवा ‘नोकरी सोडल्यास एकरकमी भरीन’ असं काही आहे का, ते खास पाहा. पोच द्यायचीच झाली, तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा: ‘फक्त प्रत मिळाली, मजकूर मान्य केलेला नाही.’

यानंतरही निम्म्यापेक्षा जास्त कापलं, तर बेळगावच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार करा. वकिलाच्या फीची काळजी असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगारांना मोफत कायदेशीर मदत आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. जाताना सातही स्लिपा, पासबुक आणि त्या पत्राची प्रत सोबत न्या.