पुरातत्त्व शिकून पोट भरेल का?

"मॅडम, हौस म्हणून गड चढू दे की तिला. पण पोटापाण्याचं काय?" चिंचवडच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं घातलेल्या एका वडिलांचा हा प्रश्न. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय वनस्पतिशास्त्र. पुढे तिला पुरातत्त्वात एम.ए. करायचं होतं. पुण्यात या वाटेनं जाऊ पाहणारी मुलं सल्ल्यासाठी माझ्याकडे नेहमी येतात आणि जवळजवळ प्रत्येक घरात हीच धास्ती असते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडिलांची भीती रास्त आहे, असं मी मुलीसमोरच सांगितलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण किंवा राज्याचं पुरातत्त्व संचालनालय, दोन्हीकडे कायम जागा थोड्या. जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. सुरुवातीची वर्षं अनेकांना प्रकल्पावरच्या मानधनावर काढावी लागतात आणि प्रकल्प संपला की मानधनही संपतं.

मुलीची समजूत दुसऱ्या टोकाची होती. अमेरिकेत रस्ता किंवा धरण बांधण्याआधी जमिनीतल्या अवशेषांची पाहणी करणाऱ्या खासगी कंपन्या असतात, हे तिनं वाचलं होतं. खरं आहे, पण तिथे १९६६च्या कायद्यानं केंद्र सरकारच्या पैशातून किंवा परवानगीनं होणाऱ्या कामांत वारशाचा विचार करणं बंधनकारक केलं, म्हणून तो व्यवसाय उभा राहिला. आपल्याकडे तशी सरसकट सक्ती नाही. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१०च्या दुरुस्तीनंतर केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. शनिवारवाड्याजवळ राहणाऱ्यांना हे नियम तोंडपाठ असतात. त्यातून सल्ल्याचं काही काम निघतं, पण त्या भरवशावर घर चालवायची स्वप्नं आत्ता पाहू नयेत.

मग मी तिला विचारलं, वनस्पतिशास्त्र सोडून का देतेस? ती गोंधळली. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत जळून कोळसा झालेलं धान्य मिळालं, त्यात सातू होता. तो सातूच आहे, हे ओळखायला बिया जाणणारा माणूस लागतो. हाडांना प्राणिशास्त्र, भांड्यांच्या मातीला भूविज्ञान, गडांच्या नकाशांना ड्रोन आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळायचं तंत्र. २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी राजगड, शिवनेरी, लोहगड आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्यांची मोजणी, चुन्यातली डागडुजी, माहितीफलक, पर्यटकांची व्यवस्था यांसाठी शिकलेली माणसं लागणारच. माझं ठाम मत आहे की पुरातत्त्वाला जाताना हातात दुसरं एक कसब असावं. नुसत्या इतिहासप्रेमावर वाट फार खडतर होते.

प्रवेशाआधी एखाद्या उत्खननावर राहून ये, एवढी एकच अट मी घातली. उन्हात खापरं धुणं, चिठ्ठ्या लिहिणं, थरांची रेखाटनं करणं यांत कित्येकांचा उत्साह मावळतो, आणि तो आधीच मावळलेला बरा. ही मुलगी परतली ती माती पाण्यात ढवळायच्या कामाबद्दल भरभरून बोलत. ढवळलं की जळके दाणे वर तरंगतात आणि बारीक चाळणीत धरता येतात. खापरं धुण्याचा मात्र कंटाळा आला, हेही तिनं सरळ सांगितलं. मला ते आवडलं.

वडिलांना आकडे हवे होते. पुरातत्त्व हा नेटचा, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनवृत्तीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, स्वतंत्र विषय आहे आणि त्यातून कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाली तर पीएच.डी. करताना महिना ३७,००० रुपये सुरू होतात, हे ऐकून ते पहिल्यांदा खुर्चीत सावरून बसले. ती सगळ्यांना मिळत नाही, स्पर्धा मोठी आहे, हेही मी लगेच सांगितलं. शेवटी बापलेकीनं माझ्यासमोर कागदावर लिहिलं: एम.ए.ची दोन वर्षं खर्च घरचा, सोबत जीआयएसचा कोर्स, नंतर दोन वर्षं नेट आणि सरकारी परीक्षांसाठी, त्या काळात मिळेल ते प्रकल्पाचं काम. तरीही जमलं नाही तर बी.एड. करून विज्ञान शिकवायचं. बी.एड.ची ओळ मुलीनं स्वतः घातली. खाली दोघांनी सह्या केल्या.