‘इंडिया विन’ की ‘इंडिया विन्स’?

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. टीम हा शब्द एकवचनी, ‘द टीम इज’ असंच लिहायचं, असं आमचे सर सांगतात. पण इंग्रजी पेपरात मॅचच्या बातमीला ‘इंडिया विन’ असा मथळा असतो. कॉमेंट्रीतही ‘इंडिया आर’ म्हणतात. मग परीक्षेत मी काय लिहू?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : तुझे सरही बरोबर आहेत आणि पेपरवालेही. टीम, कमिटी, फॅमिली, ज्यूरी ही समूहवाचक नामं. ब्रिटिश इंग्रजीत त्यांना दोन्ही वचनं चालतात. सगळा गट एक म्हणून डोळ्यासमोर असेल तर ‘इज’, त्यातली माणसं वेगवेगळी दिसत असतील तर ‘आर’. क्रिकेटच्या इंग्रजीत संघाच्या नावाला अनेकवचनच वापरायची पद्धत आहे, आणि आपल्याकडे तीच रुळली. १९८३ च्या लॉर्ड्सवरच्या फायनलबद्दल लिहायचं तर ‘इंडिया वेअर ऑल आउट फॉर १८३’. पण भूगोलात लिहिताना ‘इंडिया इज अ लार्ज कंट्री’च हवं. तिथे खेळाडूंचा विषय नाही, देशाचा आहे.

अमेरिकेत मात्र बहुतेक वेळा एकवचनच. गंमत म्हणजे त्यांच्या देशाचं नावच एके काळी अनेकवचनी होतं. त्यांच्या राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती १८६५ ची. तिच्यात ‘द युनायटेड स्टेट्स’साठी ‘देअर’ आलंय. आज कोणी तसं लिहीत नाही.

परीक्षेत साधारणपणे एकवचन लिही. वाक्यातच मतभेद किंवा वेगवेगळी कामं दिसली तर अनेकवचन : ‘द ज्यूरी वेअर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स’. फूट पडायला माणसं एकाहून जास्त लागतात ना! आणि एकदा धरलेलं वचन वाक्य संपेपर्यंत सोडू नकोस. ‘द कमिटी हॅज सबमिटेड देअर रिपोर्ट’ बोलण्यात खपून जातं, उत्तरपत्रिकेत ‘हॅज’ला ‘इट्स’ची जोड दे.

पोलीस या शब्दाबाबत मात्र मी अजिबात सूट देणार नाही. ‘द पोलीस हॅज अरेस्टेड’ सर्रास वाचायला मिळतं आणि मला दर वेळी खटकतं. तिथे ‘हॅव’च हवं, ब्रिटनमध्येही आणि अमेरिकेतही. ‘कॅटल’चंही तसंच : ‘द कॅटल आर ग्रेझिंग’.

तू विचारलं नाहीस, पण हमखास मार्क जातात अशी एक जागा सांगून ठेवते. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲब्सेंट’, म्हणजे बरीच मुलं गैरहजर, म्हणून ‘आर’. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज फॉर्टी’ यात बोलणं आकड्याबद्दल आहे, म्हणून ‘इज’. रिकामी जागा भरताना आधी ‘अ’ आहे की ‘द’ ते बघ, मगच पेन टेकव.