जुन्या फोटोतली मोटार कुठल्या कंपनीची, हे कसं ओळखायचं?

नाव दिसत नसेल तर आधी गाडीचं नाक बघा, म्हणजे रेडिएटर (इंजिन थंड ठेवणारा भाग). समोर जाळीच नाही आणि बॉनेट पुढे उतरतं झालंय? मग बहुधा रेनो. तिचा रेडिएटर इंजिनाच्या मागे असे. ही ठेवण इतरांनीही उचलली होती, म्हणून हबकॅपवरची, म्हणजे चाकाच्या मधल्या झाकणावरची, अक्षरं भिंगातून वाचाच.

सगळ्यात जास्त भेटते ती फोर्ड मॉडेल टी. १९०८ ते १९२७ मध्ये दीड कोटी बनल्या! रेडिएटर पितळी, चकचकीत असेल तर साधारण १९१६ पर्यंतची. काळा असेल तर त्यानंतरची. स्टिअरिंग उजवीकडे दिसलं म्हणून लगेच इंग्लंडची ठरवू नका, आपल्याकडे कॅनडात बनलेल्या फोर्डही यायच्या. आणि हो, फोटो आरशातल्यासारखा उलटा छापलेला नाही ना, हे नंबरप्लेटवरून तपासा.