खोकडासाठी रायफल कोणती?

प्रश्न : माझ्या ४० मेंढ्या आहेत. गेल्या महिन्यात रात्रीतून तीन कोकरं गेली. शेजारी म्हणतात खोकडाचं काम. माझा मावसभाऊ ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या फार्मवर आहे, तिथे .२२३ ने कोल्हे मारतात असं तो सांगतो. मी लायसन्ससाठी अर्ज करणार आहे. .२२ घेऊ, .३१५ घेऊ की .२२३ मिळते का ते पाहू?
– एक मेंढपाळ, मार्डी (उत्तर सोलापूर)

उत्तर : लष्करात मी आर्मरर होतो, म्हणजे आयुष्य बंदुका उघडण्यात आणि जोडण्यात गेलं. माझी लेक ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात दिली आहे. तिथल्या दोन हिवाळ्यांत, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, तिच्या शेजारच्या शेतकऱ्याबरोबर रात्री गाडीतून हिंडलो. तो टपावरून प्रकाशझोत फिरवायचा आणि लांब अंधारात दोन डोळे चमकायचे. तेव्हा मावसभाऊ खोटं सांगत नाही.

त्या शेतकऱ्याकडे तीन रायफली होत्या. (नावातले आकडे नळीच्या मापाचे, इंचात.) .२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास. ससा मारायला उत्तम, कोल्ह्यासाठी पन्नास-साठ मीटरच्या आतच. पुढे जनावर जखमी होऊन बिळात जातं आणि तिथे कुढत मरतं. शिवाय ही गोळी कडक जमिनीवरून टणकन उसळते. आपल्या मुरमाच्या माळावर ती कुणाच्या पालावर जाईल सांगता येत नाही. .२२३ ची गोळी साडेतीन ग्रॅमची, पण सेकंदाला साडेनऊशे मीटरच्या पुढे धावते. आमच्या लष्करी इन्सास रायफलीची ५.५६ मिलिमीटरची गोळी आणि ही सख्ख्या बहिणीच. (तरी लष्करी ५.५६ चं काडतूस .२२३ च्या रायफलीत घालू नये, दाब जास्त असतो.) मऊ टोकाची शिकारी गोळी लागताच फुटते, मातीत गेली तरी बहुधा तिथेच फुटते. दोनशे मीटरपर्यंत त्याचा हात चुकलेला मी पाहिला नाही. तिसरी .२४३. वाऱ्याला कमी भरकटते, हरणालाही चालते, पण धक्का आणि आवाज दोन्ही मोठे. मला विचाराल तर तिथल्या कोल्ह्याला .२२३.

तिथला कोल्हा म्हणजे रेड फॉक्स, आपला कोल्हा नव्हे. पाच ते आठ किलोचा, तांबडा, आणि मूळचा तिथला नव्हेच. इंग्रजांनी शिकारीच्या हौसेपायी १९ व्या शतकात नेऊन सोडला. पुढे तिथल्या सरकारने मारलेल्या कोल्ह्यामागे पैसेही दिले.

आपलं खोकड दोन-तीन किलोचं. मांजरापेक्षा जरा थोराड, शेपटीचं टोक काळं. उंदीर, सरडे, वाळवी, टिटवीची अंडी आणि हंगामात बोरं खातं. ते तान्हं कोकरू ओढत नेईल, यावर माझा विश्वास बसायला वेळ लागेल. .३१५ चं तर नाव काढू नका. तिची गोळी .२२३ च्या चौपटीहून जड.

आणि कायद्याचं. खोकड, कोल्हा, लांडगा तिघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पीक किंवा गुरं राखायला बंदुकीचं लायसन्स मिळालं, म्हणून यांच्यावर बार टाकायची मुभा मिळत नाही. त्यात तुमच्या शेजारी नान्नजचं माळढोक अभयारण्य. परवानगीशिवाय हत्यार घेऊन तिथे पाय ठेवणं हाच वेगळा गुन्हा. तेव्हा अर्जाची फी वाचवा.

मग कोकरं नेली कुणी? माझ्या मते लांडगा, नाहीतर गावातली कुत्री. कुत्र्यांचं काम गबाळं असतं. मागच्या मांड्या फाडतात, पाच-सहा मेंढ्या जखमी करून एकही धड खात नाहीत. लांडगा गळा धरतो, कोकरू असलं तर उचलूनच नेतो, मागे रक्ताचे चार थेंब आणि ओढल्याची खूण. तुमच्याकडे तिन्ही कोकरं नाहीशी झाली, जखमी मेंढी एकही नाही, असं असेल तर मी लांडग्यावर पैज लावीन. पुन्हा असं झालं तर उरलेलं हलवू नका, ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या. त्याचा नंबर सापडला नाही तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. लांडगा आणि कोल्ह्याने मारलेल्या जनावराची भरपाई मिळते. खोकडाचं नाव घेतलंत तर काहीच हाती येणार नाही, म्हणून शेजाऱ्यांचं ऐकून भरपाईच्या अर्जात खोकड लिहू नका.

रात्री मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळी, लावता ना? ती कमरेएवढी असेल तर लांडगा हसत उडी मारतो. छातीपर्यंत घ्या, खालच्या कडेला दगड दाबा, कोकरं मधोमध आणि कुत्रं वाऱ्याच्या खालच्या अंगाला बांधा. आणि पहाटे उठून आधी जमीन बघा. ओलसर मातीत ठसा दिसला तर त्याच्याशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा आणि मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. काडेपेटीपेक्षा ठसा लांब भरला, तर ते खोकड नव्हे, लांडगा नाहीतर कुत्रं.