एलईडी पट्टीचे दिवे लावण्याआधी एवढं बघ

घरात या दिव्यांखाली कोथिंबीर वाढवायला एवढा खटाटोप करतोयस, छान! पण आधी हिशोब. पाकिटावर मीटरमागे किती वॉट ते लिहिलेलं असतं. १४.४ वॉटची ५ मीटर पट्टी म्हणजे ७२ वॉट, १२ व्होल्टवर ६ अँपिअर. सप्लाय (घरच्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा डबा) मात्र १०० वॉटचा घे. काठोकाठ चालवलेला तापतो आणि आपल्या मे महिन्यात लवकर मान टाकतो.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- पट्टीला पट्टी जोडत नेणं. टोकाचे दिवे मिणमिणतात. प्रत्येक ५ मीटरला सप्लायपासून वेगळी वायर ने.
- नुसता पीळ मारून टेप गुंडाळणं. म्हापशात पहिल्याच पावसाळ्यात माझे असे सगळे जोड हिरवे पडले, आणि मी आठवडाभर पट्टीलाच शिव्या घालत बसलो! सोल्डर कर, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढव.
- पट्टीची गुंडाळी न सोडता पेटवणं. आत उष्णता कोंडते.

२३० व्होल्टची बाजू वायरमनकडूनच करून घे, अर्थिंगसकट. सप्लाय कुंड्यांखाली ठेवू नकोस, पाणी टपकतं.

टायमर, डिमर, झाडांसाठीच्या लाल-निळ्या दिव्यांची भानगड नंतर. आधी एकच पट्टी ॲल्युमिनियमवर चिकटव, अर्धा तास पेटव आणि ॲल्युमिनियमच्या पाठीला हात लावून बघ. चटका बसला तर सांग.