वाचक विचारतात : सुट्टीत चर्चमध्ये काय काम मिळेल?

परीक्षा संपत आल्या की दरवर्षी साधारण एकाच प्रकारची पत्रं येतात, त्यातली चार यावेळी घेतेय. बाकीच्यांनी रागावू नका, बऱ्याच जणांचं उत्तर यातच येऊन जाईल.

प्रश्न : ताई, मी टीवायला आहे, कळव्याला राहते. माझी आतेबहीण न्यू जर्सीला असते. ती जाते त्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधलाच एक पंथ) चर्चमध्ये उन्हाळाभर काही ना काही चालू असतं, मुलांची व्हीबीएस म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, भक्ती झाल्यावर लॉनवर लेमोनेड, तरुण लोक मिळून दुसऱ्या गावात गरिबांची घरं दुरुस्त करायला जातात. मुंबईत असं प्रेस्बिटेरियन चर्च आहे का? आमचं तर सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आहे.

उत्तर : अगं मग तू प्रेस्बिटेरियन लोकांच्यातच बसतेयस की! 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्च-संघटना एकत्र येऊन सीएनआय झालं, आणि त्यातली एक होती युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, जी स्वतःच 1924 ला प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल (हाही प्रोटेस्टंटांचाच एक पंथ) मिळून झाली होती. फोर्टातलं सेंट अँड्र्यूज, 1819 चं, ते स्कॉटिश लोकांचं म्हणजे प्रेस्बिटेरियनच. चौपाटीचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं ते जॉन विल्सन स्कॉटलंडहून 1829 ला इथे आले आणि 1832 ला शाळा काढली तिचंच पुढे कॉलेज झालं. घरी आजीला विचार आपलं मूळ कुठलं म्हणून. मिरज-सांगली-कोल्हापूरकडचे असाल तर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन, मिरजेचं वानलेस हॉस्पिटल त्यांचंच, जालन्याकडचे असाल तर स्कॉटिश, आणि नगरचे असाल तर बहुतेक अमेरिकन मराठी मिशन, ते मात्र काँग्रिगेशनल. तेव्हा वेगळी पाटी शोधत फिरू नकोस, आहेस तिथेच विचार.

आता मुद्द्याचं. तुझ्या बहिणीकडे सुट्टी जून ते ऑगस्ट, तेव्हा तिथली निम्मी मंडळी फिरायला गेलेली असते, बऱ्याच चर्चमध्ये क्वायरलाही सुट्टी असते, दोनच्या जागी एकच भक्ती ठेवतात, मग उरलेले लोक एकमेकांशी जोडलेले राहावेत म्हणून ते लेमोनेड आणि गप्पा. त्याला ते फेलोशिप म्हणतात, पैसे मिळतात ती फेलोशिप ही नव्हे, हे आधीच सांगते कारण दोन पत्रांत स्टायपेंड किती असं विचारलंय. आपल्याकडे तेच सगळं मे महिन्यात होतं. शाळा बंद झाल्या की मंडळी गावाला. संडे स्कूलच्या बाई नगरला, पेटी वाजवणारे काका मिरजेला, प्रोजेक्टरवर गीतांचे शब्द लावणारा मुलगा मामाकडे, आणि चहा करणारं महिला मंडळ तर अर्धं लग्नांमध्ये. म्हणून सेक्रेटरींना व्हॉलंटियरिंग काय आहे असं विचारू नकोस, ते म्हणतील बघू सांगतो, आणि विषय तिथेच संपेल. मे महिन्यात कोण कोण गावाला जातंय आणि त्यांचं काम कोण बघणार, हे विचार. लगेच दोन कामं गळ्यात पडतील!

व्हीबीएससाठी मात्र आत्ताच बोल. साधारण आठवडा ते दहा दिवस, सकाळचे तीन तास, अ‍ॅक्शन साँग, बायबलची गोष्ट, पाठांतराचं वचन, क्राफ्ट, नाश्ता, आणि शेवटच्या रविवारी मुलांचा कार्यक्रम. लोकांना वाटतं गोष्ट सांगणारा माणूस महत्त्वाचा, पण खरी मारामारी नाश्ता आणि क्राफ्टला असते, साठ मुलांचे चार्ट पेपर आदल्या रात्री कापून ठेवणारं कोणी नसतं. आणि पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, हो म्हणाले म्हणजे झालं असं समजू नकोस, आपल्याकडे पास्टरेट कमिटी बसते तेव्हा ठरतं, तुझ्या बहिणीकडे एल्डर लोकांची सेशन म्हणजे समिती बसते. प्रेस्बिटेरियन पद्धतच तशी, पाळक एकटा कारभार करत नाही, मंडळीने निवडलेले हे एल्डर आणि पाळक मिळून ठरवतात. वेळ लागतो, पण ठरलेलं काम मग एका माणसाच्या मर्जीवर नसतं.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. दादरला राहते, मैत्रीण चर्चला जाते, तिच्याबरोबर सुट्टीत मदत करायची इच्छा आहे. चालेल का? घरचे म्हणतात उगाच लोक बोलतील.

उत्तर : चालेल, पण कुठलं काम ते नीट निवड. व्हीबीएस हे मुलांना बायबल शिकवण्याचंच काम आहे, त्यात तू गोष्ट सांगायला उभी राहिलीस तर तुलाही अवघडल्यासारखं होईल आणि त्यांनाही, आणि ज्यावर आपला विश्वास नाही ते मुलांना शिकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण बाकी कामं भरपूर. रक्तदानाचंच घे. मे महिन्यात कॉलेजं बंद, ऑफिसवाले गावाला, त्यामुळे मुंबईत दरवर्षी रक्ताची टंचाई होते, पेपरात येतंच. चर्चच्या हॉलमध्ये कॅम्प लागला तर नावं लिहून घेणं, रक्त दिल्यावर लोकांना बसवून बिस्कीट-कॉफी देणं, त्याला धर्म लागत नाही. दुसरं म्हणजे परळ. टाटा मेमोरियलला ईशान्येकडून खूप पेशंट येतात, मिझोराम-मेघालयात प्रेस्बिटेरियन लोक मोठ्या संख्येने आहेत, आणि बरोबर आलेल्या आईवडिलांना हिंदीच धड येत नाही तर मराठी कुठून येणार, कुठल्या खिडकीवर कुठला कागद हेच कळत नाही. सोबत जाऊन रांगेत उभं राहणारं कोणी मिळालं तर त्यांचा अख्खा दिवस वाचतो. तुझ्या मैत्रिणीच्या चर्चमधलं कोणी असं जात असेल तर त्यांच्याबरोबर जा, एकटीने जाऊन पेशंटना सल्ले देऊ नकोस, औषधांबद्दल तर अजिबात नको.

लोक बोलतील त्याचं काय करायचं ते मी नाही सांगू शकत. घरच्यांना एकदा बरोबर घेऊन जा, हॉल दाखव, तिथल्या दोन मावश्यांशी ओळख करून दे. त्याचा उपयोग होतो.

प्रश्न : माझा मुलगा एसवायला आहे, मीरा रोड. चर्चच्या समर कॅम्पला व्हॉलंटियर म्हणून गेला तर सर्टिफिकेट मिळेल का आणि एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजना) तास धरतील का? नाहीतर त्याने इंटर्नशिप का करू नये?

उत्तर : मॅडम, एनएसएसचे वर्षाला 120 तास असतात आणि ते कॉलेजच्या प्रोग्रॅम ऑफिसरने मान्य केलेल्या कामाचेच धरतात. धार्मिक शिकवण त्यात बसवायला बघू नका. रक्तदान, साफसफाई, अभ्यासवर्ग असं काही असेल तर आधी सरांना विचारून लेखी होकार घ्या, नंतर पत्र नेलं तर कोणी बघत नाही. चर्चकडून लेटरहेडवर दोन ओळी मिळतात सहसा. इंटर्नशिप मिळत असेल तर खुशाल करू दे, रविवार तर मोकळाच असतो.

पण तुम्ही जे विचारायला हवं होतं ते विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगते. कॅम्पमध्ये अठराच्या आतली मुलं असतात आणि त्यांच्यासाठी 2012 चा पॉक्सो कायदा आहे, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा. कुठलाही मोठा माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटा नको, दोघं तरी हवेत, रात्री झोपायची सोय कशी, मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला पालकांची परवानगी घेतलीय का, काही कळलं तर कोणाला सांगायचं, हे त्याने जायच्या आधी विचारावं. असा प्रकार कळला तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, आपल्या चर्चची बदनामी होईल म्हणून आतल्या आत मिटवणं हा गुन्हा आहे. हे विचारल्यावर जे चिडतात तिथे मुलाला पाठवू नका. त्याला प्रवासाचा खर्च कोण देणार तेही आधीच बोलून घ्या, तरुण पोरं लाजतात आणि महिनाभर स्वतःच्या खिशातून रिक्षा करतात.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर झालो, कल्याणला असतो, गुडघे दुखतात. सगळं तरुण संघासाठीच असतं. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

उत्तर : काका, सलाम. तुमच्यासाठी फोन आहे. मे महिन्यात मुलं-सुना नातवंडांना घेऊन गावाला जातात आणि घरात एकटे उरतात ते ऐंशीच्या पुढचे, ज्यांना उन्हातून चर्चपर्यंत येणं जमत नाही. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांमध्ये अशांची विचारपूस करायला, आजाऱ्यांच्या घरी डबा पोचवायला डीकन निवडलेले असतात, आपल्याकडे पाळकांच्या घरभेटीवरच सगळं चालतं आणि एक माणूस किती जिने चढणार. सेक्रेटरींकडून यादी घ्या, रोज तीन-चार जणांना फोन करा, पाणी पिताय का, गोळ्या संपल्या का, कोणी येतंय का, एवढंच. कोणाचा आवाज बरा वाटला नाही तर तरुण संघातल्या जवळच्या मुलाला पाठवा, आणि त्याचा नंबर आधीच मागून ठेवा. एक मात्र करा, भक्तीला लवकर निघणाऱ्यांना शनिवारी रात्रीच मेगाब्लॉकचा मेसेज टाकत जा, रेल्वेतले आहात, तुमच्याइतकं अचूक दुसरं कोणी सांगणार नाही!